अपघात किती वाजता झाला

“अपघात किती वाजता झाला?”

“अकरा पंचेचाळीसला.”

“सुमारास?”

“सुमारास नाही. अकरा पंचेचाळीसला.” मास्तरांनी शर्टाची बाही मागे सारली आणि मनगटावरचं घड्याळ सावर्डेकर वकिलांपुढे असं धरलं, जसा काही अपघात अजून त्या काट्यांवरच बसून आहे.

मी टाइपरायटरवरून मान वर केली. कोल्हापुरात सावर्डेकर वकिलांकडे मी तेव्हा टायपिस्ट होते. अकरा वर्षं लोकांची गाऱ्हाणी टाइप करून मला एवढं कळलं होतं की, खरं सांगणाऱ्याला वेळ ढोबळ आठवते. जेवणं व्हायची होती, दुधाची गाडी नुकतीच गेली होती, असं तो सांगतो. मिनिटावर बोट ठेवणारा एक तर रेल्वेत असतो, नाहीतर घरून पाठ करून आलेला असतो.

हे निघाले पोस्टातले. दिगंबर पोतदार, आंबेव्हाळचे निवृत्त पोस्टमास्तर. एकतीस वर्षं त्यांनी पत्रांवर तारखेचा शिक्का मारला आणि निवृत्त झाल्यावर तोच शिक्का लोकांच्या आयुष्यावर मारायला घेतला. म्हणजे पंचांग उघडलं. साखरपुडा, घराची पायाभरणी, विहिरीचा पहिला टिकाव, उसाची लावण, आसपासच्या सात गावांत मास्तरांना विचारल्याशिवाय कशाला हात लागत नसे. दक्षिणा ते घेत नसत. त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाला सोय नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर त्यांची सून हेमलता बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय पस्तिशीचं, कपाळ मोकळं, गुडघ्याशी टेकवलेली काठी. मास्तरांचा मुलगा चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता. तेव्हापासून त्या घरात ही दोनच माणसं.

प्रकरण असं होतं. हेमलताबाईंनी शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून एक छोटी पांढरी गाडी घेतली. शाळा अठरा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोन, त्यातली एक स्वतःच्या मर्जीची. बाई गाडी चालवायला शिकल्या आणि माघातल्या एका गुरुवारी सासऱ्यांना शेजारी बसवून त्यांनी शोरूममधून गाडी बाहेर काढली. चार किलोमीटरवर उसानं लादलेली ट्रॉली अंगावर आली. बाईंनी गाडी कडेला घेतली, ती पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली. बाईंचा पाय मोडला, मास्तरांना खरचटलं, गाडीचं तोंड पार आत गेलं. ट्रॉलीवाला पसार झाला.

विमा कंपनीनं भरपाई नाकारली. तिचं म्हणणंही गैर नव्हतं. पोलीस पंचनाम्यात अपघाताची वेळ होती अकरा पंचेचाळीस. शोरूममध्ये बसणाऱ्या एजंटानं विम्याची कव्हरनोट फाडली होती बारा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे गाडी आधी आपटली आणि विमा मागाहून उतरवला. जिल्ह्याच्या ग्राहक मंचानं तक्रार फेटाळली, आणि फेटाळताना निकालात एक ओळ घातली. ती सावर्डेकर साहेबांनी मोठ्यानं वाचली.

“‘तक्रारदार यांनी झालेला अपघात लपवून विमा उतरविल्याचे दिसते.’ हे वाईट आहे मास्तर. भरपाई एक वेळ सोडता येईल. ही ओळ तुमच्या सुनेच्या पदरात कायमची राहणार.”

“ती ओळ शाळेत पोचलीय,” हेमलताबाई म्हणाल्या. “मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव पुढं होतं. आता कुणी विषय काढत नाही.”

“आणि कर्ज?”

“हप्ता पगारातून कापला जातो. गाडी गॅरेजमागच्या चिंचेखाली आहे. कोंबड्या बसतात तिच्यात.”

“तीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करायचं असतं. त्यातले बावीस गेले,” साहेब म्हणाले. “अपिलात नवीन काय सांगणार?”

“एजंटाचं घड्याळ पुढं होतं,” मास्तर म्हणाले.

“किती पुढं?”

“तासभर तरी असेल.”

“तासभर पुढचं घड्याळ घालून माणूस धंदा करतो?”

“विम्याचा एजंट आहे. त्यांना घाई असतेच.”

साहेबांनी शेंगदाण्याचा बकाणा तोंडात टाकला. हे त्यांचं हसू दाबायचं साधन होतं. “मास्तर, मंचापुढं तुम्ही हेच सांगितलंत आणि मंचानं तुम्हाला घरी पाठवलं. तेच गाणं वरच्या मजल्यावर जाऊन म्हटलं म्हणून काही ते सुरात येत नाही.”

“अकरा वीस ते अकरा अठ्ठेचाळीस असा मुहूर्त मी स्वतः काढला होता. अकरा वीसला गाडी हलली. पुढचं साधं गणित आहे.”

हेमलताबाई काठीच्या मुठीकडे बघत होत्या. त्या गणितात त्यांनी ना हो भरला, ना नाही.

जाताना मास्तरांनी कागदपत्रांची एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “बाई, सगळं आहे यात. तारीखवार लावलंय.”

तारीखवार होतं, पण मला वेळेवार लावायची सवय. दुपारी मी पिशवी उपसली. पावत्या, पंचनामा, कव्हरनोट, मेकॅनिकचं अंदाजपत्रक, आणि तळाशी पायाच्या उपचाराचे कागद. दावा फक्त गाडीचा होता, म्हणून हे दवाखान्याचे कागद मंचापुढं गेलेच नव्हते. त्यातल्या पहिल्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: दाखल, दुपारी एक पंचवीस.

मी पंचनामा पुन्हा वाचला. अपघातानंतर मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोतून जखमींना तात्काळ दवाखान्यात हलवलं. पूल ते दवाखाना, टेम्पोनं फार तर पंधरा मिनिटं. अकरा पंचेचाळीसला आपटले, लगेच निघाले आणि एक पंचवीसला पोचले. टेम्पोवाल्यानं वाटेत म्हशींच्या धारा काढल्या असं धरलं, तरी तास-सव्वा तास उरतोच.

मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाई, म्हातारा खोटं बोलतोय.”

“हो. पण त्यानं सांगितलेल्या वेळेपेक्षा खरी वेळ त्याच्या फायद्याची आहे.”

“तेच तर. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत पक्षकार जिंकण्यासाठी खोटं बोलतात. हरण्यासाठी बोलणारा हा पहिलाच.”

शनिवारी सकाळची शाळा आटोपून हेमलताबाई वकीलपत्रावर सही करायला एकट्याच आल्या. साहेब कोर्टात होते. मी चहा मागवला आणि दवाखान्याची चिठ्ठी त्यांच्यासमोर सरकवली.

“टेम्पोवाला फार देवभोळा होता का हो? वाटेतल्या प्रत्येक देवळाशी थांबला?”

त्यांनी चिठ्ठी वाचली. शिक्षिका खरी, पण खोटं बोलायची तालीम अजिबात नाही. कान लाल झाले.

“एकच्या पुढं झाला अपघात,” त्या हळू म्हणाल्या. “एक पाच, एक दहा. शोरूममधून निघालोच पावणेएकनंतर.”

“मग तक्रारीवर अकरा पंचेचाळीस लिहून सही कशी केलीत?”

“मी शुद्धीवर आले तोवर मामांनी पोलिसांना सांगून टाकलं होतं. आधीच्या वकिलांनी पंचनाम्यातलं उतरवून घेतलं. माझ्यापुढं कागद आला तेव्हा मामा शेजारीच उभे होते. काय म्हणू, माझे सासरे खोटं बोलतात?”

“आणि ते का बोलले?”

“का म्हणजे? ताई, सात गावांना मुहूर्त देणारा माणूस. त्यांचा स्वतःच्या घरातला मुहूर्त हुकला असं लोकांना कळलं तर काय राहिलं त्यांचं? मुलगा गेल्यापासून त्यांना दुसरं आहेच काय? चार माणसं ओसरीवर येतात, मास्तर मास्तर करतात, तेवढंच. हप्ते काय, फिटतील सात वर्षांनी.”

मला खरं तर राग आला. सुनेचा पाय मोडला, गाडी गेली, नावाला बट्टा लागला, आणि हा गृहस्थ पंचांगाची इभ्रत सांभाळत बसलाय. मनातल्या मनात मी मास्तरांच्या नावे बरंच काही मांडलं.

“पावणेएकला निघालात याचा काही पुरावा?”

शाळेच्या डायरीच्या मागच्या कव्हरातून त्यांनी एक फोटो काढला. शोरूमवाले गाडी देताना गिऱ्हाइकाचा फोटो काढून देत, तो. बॉनेटवर झेंडूचा हार, हळदीकुंकवाची बोटं. हेमलताबाई वाकून चाकापुढं नारळ फोडताहेत. मास्तर बाजूला हात जोडून उभे. आणि मागच्या काचेतून दिसणाऱ्या भिंतीवर शोरूमचं हे भलंमोठं घड्याळ. बारा वाजून पन्नास मिनिटं झालेली.

“हा मंचापुढं का नाही दिलात?”

“मामांनी फाडून टाकायला सांगितला होता,” त्या म्हणाल्या. “मी फाडला असं सांगितलं.”

सोमवारी साहेबांनी दोघांनाही बोलावून घेतलं. वेळ न लावता आधी मास्तरांपुढं दवाखान्याची चिठ्ठी ठेवली.

“मास्तर, हे वाचा.”

मास्तरांनी वाचली. “डॉक्टरांनी नंतर लिहिली असेल. गर्दी असते.”

“म्हणजे डॉक्टरांचं घड्याळही पुढं. एजंटाचंही पुढं. जिल्ह्यात तुमचं तेवढं बरोबर.”

“माझं मी रोज रेडिओवर लावतो.”

“मग हे बघा.” साहेबांनी फोटो ठेवला.

मी मास्तरांचा चेहरा बघत होते, कारण मला तो बघायचाच होता. मला वाटलं, त्यांची नजर आता भिंतीवरच्या घड्याळावर जाईल आणि तोंड उतरेल. तोंड उतरलं. पण घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी एकदम फोटोवर पंजा ठेवला, आणि तो नेमका हेमलताबाईंच्या हातातल्या नारळावर.

“हा तू फाडला होतास,” ते सुनेला म्हणाले.

“नव्हता फाडला, मामा.”

“मी सांगितलं होतं.”

“घड्याळ दिसतं म्हणून सांगितलं होतंत ना. तेच दाखवायचंय.”

मास्तरांनी पंजा उचलला नाही.

त्या पंजाकडे बघताना माझ्या हिशेबात कुठंतरी चूक आहे, असं मला वाटायला लागलं. मी विचारलं, “मास्तर, अपघातानंतर मुहूर्ताला येणारी माणसं वाढली की घटली?”

“घटली. कोण येईल? म्हणतात, मास्तर स्वतः मुहूर्तावर निघाले आणि पुलावर आदळले. गेल्या पाडव्याला ओसरीवर एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला.”

“मग तुम्ही खरं सांगितलं असतंत तर? मुहूर्त हुकला, दीड तास उशिरा निघालो, आणि म्हणून आपटलो, असं?”

साहेबांचा शेंगदाण्याकडे गेलेला हात तिथंच थांबला.

“लोक म्हणाले असते, बघा, मास्तरांचा मुहूर्त चुकवला की काय होतं,” मी म्हणाले. “ओसरीवर रांग लागली असती. या खोट्यात तुमची गाडी गेली, दावा गेला आणि पंचांगही बुडालं. तुमच्या बाजूला जमा म्हणून एक कवडी दिसत नाही. मग ते आहे कुणासाठी?”

हेमलताबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. मास्तरांनी खिडकीकडे.

“शोरूमचा मॅनेजर ताट घेऊन आला,” मास्तर बोलले, कोरड्या, पोस्टातल्या आवाजात. “म्हणाला, घरच्या सवाशिणीला बोलवा, पूजा करून घेऊ. मी म्हटलं, गाडी जिच्या नावावर, चालवणार जी, पूजा ती करील. त्याला कळेना. त्यानं हिच्या कपाळाकडं पाहिलं. मग त्याच्या काउंटरवरची एक मुलगी म्हणाली, मी करते हवं तर, माझं लग्न झालंय.”

“भली मुलगी होती ती,” हेमलताबाई म्हणाल्या.

“असेल. ही मागं गेली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. म्हणाली, त्या मुलीला करू दे मामा, मला नको, उगाच काही व्हायला नको. मी म्हटलं बरं, आणि शेजारी जाऊन बसलो.”

“किती वेळ?” साहेबांनी विचारलं.

“अकरा वीसपासून.”

“आणि मुहूर्त?”

“तो गेला. त्याला काय, तो जातोच.” मास्तरांनी पहिल्यांदाच घड्याळावर बाही ओढून घेतली. “अठ्ठेचाळीस झाले तेव्हा मी घड्याळ काढून खिशात टाकलं. ही सारखी बघत होती त्याच्याकडं. मध्ये तो एजंट आला, कव्हरनोट फाडून गेला. बारा दहालाच फाडली असणार. माणूस चोख आहे. पावणेएकला ही आपली आपण उठली आणि नारळ घेतला.”

“तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“काही नाही. काय सांगायचं? मला भूक लागली होती, तेवढं सांगितलं.”

हेमलताबाई एकदम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

“पुलावर माणसं जमली,” मास्तर पुढे म्हणाले. “ही आत बेशुद्ध. एक जण आत डोकावला. बॉनेटवरचं कुंकू बघितलं, हिच्याकडं बघितलं, आणि मला विचारलं, पूजा कुणी केली हो? पाय मोडलाय, रक्त येतंय, ते नाही विचारलं. मी म्हटलं, मी केली. मुहूर्तावर केली, अकरा वीसला. तो गप्प बसला. मग टेम्पो आला. दवाखान्यात हवालदार वेळ विचारायला लागला, तेव्हा तीच माणसं भोवती उभी होती. अकरा वीसला निघालेली गाडी त्या पुलावर कधी पोचणार? केलं गणित.”



“आणि मी,” हेमलताबाई म्हणाल्या, “मी वर्षभर तुमचं पंचांग सांभाळत बसले.”

“माझं पंचांग? त्याला काय झालं होतं?”

“लोक हसतील तुम्हाला, म्हणून.”

“मग हसले असते. पोस्टात होतो तेव्हा काय कमी हसले?”

साहेबांनी हातातले शेंगदाणे परत डब्यात टाकले. असं ते क्वचितच करत. “वा. म्हणजे हे तुम्हाला वाचवत होते, तुम्ही यांना वाचवत होता, आणि मधल्यामध्ये वाचली विमा कंपनी. अशी घरं चार-दोन मिळाली तर त्यांना हप्तेसुद्धा घ्यायला नकोत.”

मग ते वकिलासारखे बोलले. आयोग विचारणार, खोटं तेव्हा बोललात की आता? कारण पटलं नाही तर अपील पहिल्याच दिवशी फेकलं जाईल. सोपा मार्ग असा की, अपघाताच्या धक्क्यामुळे चुकीची वेळ सांगितली गेली, एवढंच लिहायचं. पण फोटो द्यावाच लागेल, आणि मग समोरचा वकील विचारणारच, अकरा वीस ते बारा पन्नास काय करत होता?

“फोटो द्यायचा नाही,” मास्तर म्हणाले. “गावातले दोन जण विमा कंपनीच्या बाजूनं साक्षीला आहेत. ते ऐकणार. संध्याकाळपर्यंत गावात होईल, विधवेनं नारळ फोडला आणि मैलभरात गाडी फुटली. मेली असती सासऱ्याला घेऊन, म्हणतील. मी हे ऐकून घेणार नाही. अपील नको. चल हेमलता.”

ते उठले. हेमलताबाई उठल्या नाहीत.

“मामा, आत्ता ते मला लबाड म्हणतात,” त्या म्हणाल्या. “कोर्टाच्या कागदावर लिहून म्हणतात. मी वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडं बघतात. अपशकुनी म्हटलं तर म्हणू दे. ते तरी मी केलेलं नाही, लबाडी मी सही करून केलीय. ताई, कागद घाला मशीनमध्ये.”

मी घातला. मास्तर दारात उभे होते, पिशवी काखेत.

“बसा मामा. तुम्हाला भूक लागली असेल तर ताई काहीतरी मागवतील.”

मास्तर परत येऊन बसले. मी त्यांचं प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. नाव, वय, धंदा. ‘मी सदर अपघाताची वेळ चुकीची सांगितली’ इथपर्यंत आले, तेव्हा त्यांनी बोट वर केलं.

“चुकीची नाही. खोटी. चुकीची म्हणजे घड्याळ मागं असलं तर.”

“मास्तर, हे तुमच्यावर शेकेल,” साहेब म्हणाले.

“माझ्यावरच शेकायला हवं. तिनं सही केली ती माझ्या शब्दावर. तेही घाला, बाई. आणि पुढं असं घाला की, नारळ माझ्या सुनेनं माझ्या सांगण्यावरून फोडला.”

“तुमच्या सांगण्यावरून नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त भूक लागली म्हणालात. मी माझ्या मनानं फोडला. तसं घाला.”

यावर त्या दोघांचं दहा मिनिटं वाजलं. अपघाताच्या वेळेवर जे वर्षभर भांडले नाहीत, ते नारळावर भांडले. शेवटी मी ‘उभयतांच्या विचाराने’ असं घातलं आणि कागद ओढून काढला.

सुनावणी लागायला दीड वर्ष गेलं. आयोगापुढे विमा कंपनीचा वकील तरणाबांड होता. फोटो बघून त्याला गंमत वाटली.

“म्हणजे पोतदार, मुहूर्त हुकल्याची लाज वाटली म्हणून तुम्ही शपथेवर खोटं बोललात?”

“नाही.”

“मग कशाची वाटली?”

“गावाची,” मास्तर म्हणाले. “अपघात झाला की तुमची कंपनी कारण शोधते, तसं गावही शोधतं. तुम्हाला कागदात सापडतं. त्यांना बाईच्या कपाळावर सापडतं. मला त्यांच्या हाती ते द्यायचं नव्हतं, म्हणून वेळ बदलली. तर तुम्हाला कारण सापडलं.”

 आयोगावर एक सदस्य बाई होत्या. त्यांनी फोटो जवळ घेतला, बराच वेळ पाहिला आणि हेमलताबाईंना विचारलं, “हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. मला वाटायचं, ते स्वतःला वाचवताहेत.”

निकाल महिन्यानं आला. दवाखान्याची चिठ्ठी, फोटो आणि एजंटाची कव्हरनोट, तिन्ही एकमेकांना धरून होती. ज्या एजंटाला मास्तर वर्षभर खोटं ठरवत होते, तो एकटाच सुरुवातीपासून खरं बोलत होता. अपील मंजूर झालं, भरपाईचा हुकूम झाला, लबाडीची ती ओळ निकालातून काढून टाकण्यात आली. मास्तरांना खोटं बोलल्याबद्दल कडक शब्दांत समज देण्यात आली. त्यांनी ती उभं राहून, मान खाली घालून घेतली, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं की, समज दिल्याचा काही वेगळा कागद मिळतो का.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, एका बाजारच्या दिवशी, हेमलताबाई निकालाची जादा प्रत न्यायला ऑफिसात आल्या. काठी नव्हती. थोडं लंगडत होत्या. मी खिडकीतून खाली पाहिलं. पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, दुरुस्त झालेली, पुढचा पत्रा मागच्यापेक्षा जरा जास्त पांढरा. पुढं एक बाई, मागच्या सीटवर दोन बायका आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेले मास्तर, मांडीवर भाजीची पोती.

“गाव बोललं का हो?” मी विचारलं.

“बोललं की. मामा म्हणाले होते तेच, शब्दाला शब्द. दोन महिने बोललं.”

“मग?”

“मग एक दिवस बाजाराची एसटी आलीच नाही.” त्यांनी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. “पुढच्या सीटवर बसल्यात ना, त्या आमच्या शेजारच्या तारामावशी. सगळ्यात जास्त त्याच बोलल्या.”

“आणि आता काय म्हणतात?”

“आता म्हणतात, मागं बसलं की मला मळमळतं.”